तीनशे तीनमधला संत

मृणालिनीबाई सबनीस यांनी आयुष्यात एकदाच कुणाला तरी बुडताना वाचवलं. तो लाकडाचा होता, आणि बुडत नव्हता, हे पुढे कळलं.

ही गोष्ट अबूधाबीची, दोन हजार दोन सालच्या जूनमधली. इलेक्ट्रा स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत एक पाच मजली इमारत होती. आता तिथे काचेचा टॉवर उभा आहे म्हणतात, असेल. तेव्हा खाली एका केरळी माणसाची ग्रोसरी होती, लिफ्टला हाताने ओढायचं दार होतं, आणि तिसऱ्या मजल्यावर तीनशे चार नंबरात मृणालिनीबाई एकट्या होत्या.

एकट्या म्हणजे कागदोपत्री नव्हे. कागदोपत्री भरलेलं घर होतं. यजमान, प्रकाश सबनीस, लांब रुवैसच्या रिफायनरीत होते. शनिवारी पहाटे कंपनीच्या बसने जायचे, गुरुवारी संध्याकाळी यायचे, आणि शुक्रवार झोपून काढायचे. मुलगा तन्मय पुण्याला इंजिनिअरिंगला. दर शुक्रवारी त्याला फोन. आईने मराठीत विचारायचं आणि त्याने इंग्रजीत उत्तर द्यायचं. "येस आई. आय ॲम ईटिंग. नो आई, नॉट थिन. ओके, बाय." बाकी दिवस घरात बोलणारा एक एसी होता. तो चोवीस तास बोले, पण एकच वाक्य.

समोर तीनशे तीनमध्ये रोझांजेला राहायची. ब्राझीलच्या आतल्या भागातली, चाळिशीची, दणकट खांद्यांची बाई. बायकांच्या एका क्लबात पोहायला शिकवायची. मृणालिनीबाईंचं इंग्रजी पुण्याच्या मराठी शाळेतून आलेलं, व्याकरणाने शुद्ध पण बाहेर पडायला लाजणारं. रोझाचं मुळीच न लाजणारं, पण व्याकरण मायदेशी ठेवून आलेलं. दोघींचं मिळून एक धड इंग्रजी होई, आणि त्यावर दोन वर्षं उत्तम चाललं होतं. इथे ते मराठीत सांगितलेलं बरं.

मैत्री झाली ती पावांवरून. रोझाने पहिल्या भेटीत लिंबाएवढे गरम गोल पाव आणले. बाईंनी एक तोडला. आत चिवट, जाळीदार, चीजचा वास. बाईंच्या जिभेने तत्काळ ओळखलं.

"अगं, हा तर साबुदाणा!"

रोझा म्हणाली, छे, हे आमच्याकडच्या एका कंदाचं पीठ. बाईंनी कपाटातून साबुदाण्याची पिशवी काढली. रोझाने दोन दाणे चावून पाहिले. मग दोघी एकमेकींकडे अशा बघत राहिल्या की जणू दोघींचं माहेर एकाच तालुक्यातलं निघालं.

पुढे हे पाव एकादशीला चालतात का, असा प्रश्न उभा राहिला. साबुदाणा चालतो. चीज म्हणजे दूधच, तेही चालतं. पण पिठात अंडं होतं. चौथ्या मजल्यावरची सुजाता महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकू समितीवर होती आणि असल्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा मानला जाई. तिचं म्हणणं पडलं, "ताई, इथे एकादशीच मुळात दीड तास उशिरा लागते. फार खोलात जाऊ नका." बाई खोलात गेल्या नाहीत. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी पाच वाजता समोरचं दार उघडायचं, आणि पाचपासून साडेसहापर्यंत घरात एसीचा आवाज ऐकू यायचा नाही.

त्या जूनमध्ये रोझा तीन आठवड्यांसाठी गावी निघाली. जून म्हणजे तिच्याकडे सणांचा महिना. तीन संतांचे तीन उत्सव, सगळ्यांत आधी संत अंतोन. चौकात होळीसारखी लाकडं पेटवायची, रस्ताभर कागदी पताका, मक्याची खीर, मक्याचा केक, गवती टोप्या आणि मुद्दाम ठिगळं लावलेले कपडे घालून नाच. आणि त्यात एक खोटं लग्न. नवरी पोटाला उशी बांधून येते, नवरीचा बाप खोटी बंदूक रोखून उभा राहतो, नवरा पळतो, खोटे पोलीस त्याला धरून आणतात आणि खोटा पाद्री घाईघाईने लग्न लावून टाकतो.

मृणालिनीबाईंना ही पद्धत फार पटली. पळणाऱ्या नवऱ्याला धरून आणायची सोय फक्त खोट्या लग्नापुरती का ठेवली, एवढंच त्यांना कळेना.

"मी अकरा वेळा नवरी झालेय," रोझा बॅग भरताना म्हणाली. "गावात माझ्या मापाचा पांढरा झगाच शिवून ठेवलाय. नवरी अकरा वेळा, बायको शून्य वेळा." आणि हसली. ते हसणं जरा लांबलं. मृणालिनीबाईंनी उगाच एक घडी घातलेला टॉवेल उलगडून त्याची पुन्हा घडी घातली.

जाताना तिने किल्ली दिली. झाडांना पाणी घाल, साखर, कॉफी, मक्याचं पीठ तुझ्याकडे घेऊन जा, नाहीतर मुंग्या लागतील. संताबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी मृणालिनीबाई झारी भरायला रोझाच्या स्वयंपाकघरात गेल्या. ओट्याच्या कोपऱ्यात, पीठ-मिठाच्या डब्यांमागे, काचेचा एक उंच अरुंद ग्लास होता. त्यात काठोकाठ पाणी. आणि पाण्यात एक वीतभर संन्यासी, डोकं खाली, पाय वर.

कुणाचाही असो, देव तो देव. बाईंनी त्याला घोट्याला धरून बाहेर काढलं. लाकडाचा होता, तपकिरी झगा, कमरेला दोरी, चेहरा तरुण आणि त्या परिस्थितीतही समजूतदार. वरच्या फळीवरून घरंगळला असणार, त्यांनी अनुमान काढलं. एसीची थरथर. आणि रोझा बिचारी परदेशी. आपला देव बुडतोय याची तिला कल्पनाही नाही. बाईंना एकदम जबाबदारीची जाणीव झाली. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. कित्येक महिन्यांत त्यांच्यावर कुणी कसली जबाबदारी टाकली नव्हती.

त्यांनी त्याला पदरात गुंडाळून घरी आणलं. भिजलेलं लाकूड उन्हात ठेवायचं, हे पोळपाटाच्या अनुभवावरून त्यांना ठाऊक होतं. पण तो अनुभव पुण्याच्या उन्हाचा. बाल्कनीत सत्तेचाळीस डिग्री होतं. पाऊण तासाने 'ठक्' असा आवाज आला. संताला उजव्या कानापासून कमरेपर्यंत चीर गेली होती. चेहरा मात्र तसाच समजूतदार.

त्याच वेळी सुजाता आली. ती नेहमी त्याच वेळी येई.

"बाई गं! हे काय?"

"रोझाचा संत. पाण्यात पडला होता, वाळवतेय."

"ताई, विचारल्याशिवाय हात कशाला लावलात? त्यांच्यात कायकाय असतं." सुजाताने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "आणि याच्या हातात काहीतरी होतं. बघा, हात कसा धरलाय. पोर कडेवर घेतल्यासारखा. आणि इथे खुंटीचं भोक आहे. तुम्ही पाडलंत का काय ते?"

"मी काही पाडलेलं नाही!" मृणालिनीबाईंचा स्वर चढला. बी.एस्सी. झालेल्या बाईवर असा आरोप सुजाताने मागेही एकदा केला होता, मंडळाच्या समईबाबत.

पण भोक होतं. संध्याकाळी त्या समोर जाऊन हातापायांवर सगळा ओटा, सगळी फरशी शोधून आल्या. काही नाही. दमून घरी परत आल्या, चहा टाकला, रोझाच्या डब्यातली साखर घेतली, आणि चमच्यात बाळ आलं.

बोटाच्या पेराएवढं गुलाबी बाळ. अंगभर साखर. मृणालिनीबाईंनी चहा तसाच उकळू दिला. संत पाण्यात, बाळ साखरेत! ही बाई घर चालवते कसं?

दत्तारामला बोलावलं. इमारतीचे एसी, नळ, दिवे सगळं तोच बघायचा. कुडाळकडचा, वीस वर्षं अबूधाबीत, पण बोलणं तसूभर बदललेलं नाही. त्याने संताला हातात घेतलं आणि टोपी काढली.

"वैनीनू, ह्यो आंतोन सायब. आमच्या गावात फेर्नांडाच्या घरात आसा. हरावलेली वस्तू शोधून देता."

"मग याचंच पोर कसं हरवलं?"

"आता शोधूक गेलो तो दुसऱ्यांचा," दत्ताराम म्हणाला, "घराकडे कोण बघतलो?"

हे वाक्य मृणालिनीबाईंनी का कोण जाणे, दोन वेळा मनात म्हणून पाहिलं.

दत्तारामने चिरेत भेगा बुजवायची लांबी भरली. दोन ट्यूबांतला चिक्कट ऐवज पत्र्यावर कालवला आणि बाळ संताच्या हातावर बसवलं. "एसीच्या ट्रेक लावतंय तोच गम. आता जगबुडी इली तरी ह्या पोर सुटाचा नाय."

बाईंचं समाधान झालं. फ्रिजशेजारच्या फळीवर त्यांचे देव होते, अन्नपूर्णा आणि रांगता बाळकृष्ण. शेजारी त्यांनी अंतोनला ठेवलं, हळदकुंकू वाहिलं (हळद झग्यात कायमची मुरली), निरांजन लावलं. एका फळीवर दोन बाळं आणि एक संन्यासी. त्या रात्री जेवताना त्यांनी ताट उचलून त्या फळीसमोर आणलं.

रोझाचा फोन आला पंधरा तारखेला, शनिवारी, चारच्या सुमाराला. मागे कोंबडे ओरडत होते. तिकडे सकाळ होती.

"मिना! हबीब्ती!" 'मृणालिनी'चं तिच्या जिभेवर मिनाच होई, आणि 'लाडके' म्हणायला तिने अरबी शब्द उचलला होता. "झाडं कशी आहेत?"

"झाडं छान आहेत."

"आणि ऐक, तुला एक सांगायचं राहिलं. लाज वाटली म्हणून सांगितलं नाही. स्वयंपाकघरात माझा अंतोन आहे. ग्लासमध्ये. डोकं खाली. त्याला हात लावू नकोस हं!"

मृणालिनीबाईंनी फळीकडे पाहिलं. अंतोन दोन पायांवर ताठ उभा होता.

"का?" त्यांनी हळूच विचारलं.

मग रोझाने सांगितलं. तिच्याकडे लग्न न झालेल्या बायका असंच करतात. अंतोन लग्नं जुळवतो, पण आळशी आहे. त्याला पाण्यात उलटा ठेवायचा, त्याचं बाळ काढून लपवायचं, आणि सांगायचं, नवरा आण, मग सरळ करते. नवरा आण, मग बाळ देते. "एक तारखेला ठेवला आणि मिना, काम करतोय तो! यंदा खोट्या लग्नात नवरा झाला होता जोर्जे. माझ्या भावाचा मित्र, बायको वारलीय, ट्रॅक्टर दुरुस्त करतो. सगळे नवरे पळतात ना? हा पळालाच नाही! पोलीस झालेली पोरं नुसती उभी. आणि नाच संपल्यावरही याने माझा हात सोडला नाही. अजून बोलला नाही काही. पण बोलेल. अंतोन पाण्यात आहे ना? बाळ साखरेत आहे ना?"

"साखरेतच आहे," मृणालिनीबाई म्हणाल्या.

फोन ठेवला आणि त्या खाली बसल्या. खोटं बोलल्याचं राहू दे. पण हे ओळखता येऊ नये? देव पाण्यात ठेवणं! ज्या घरात सासूबाईंनी प्रकाशच्या परदेशच्या नोकरीसाठी अठरा दिवस अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण तांब्याच्या घंगाळात ठेवले होते, त्या घरच्या सुनेला? केवळ डोकं खाली होतं म्हणून आपण फसलो. आपल्याकडे देवाला बुडवतात, पण उलटा टांगत नाहीत. तेवढी भीड ठेवतात.

आता उठावं, त्याला परत पाण्यात घालावं, एवढं साधं काम होतं. मृणालिनीबाई उठल्या, फळीपाशी गेल्या आणि थांबल्या.

जोर्जे बोलला तर रोझा तिकडेच राहील. ट्रॅक्टरवाल्याच्या गावी. मग पाच वाजता समोरचं दार उघडणार नाही. आणि जोर्जे नाही बोलला तर दोन तारखेला ती परत येईल, पाव करील, आणि पुढच्या जूनमध्ये तेराव्यांदा झगा घालील.

मृणालिनीबाईंचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. बी.एस्सी. बॉटनी. त्यामुळे संत सरळ राहिला काय नि उलटा राहिला काय, फरक पडायचं कारण नव्हतं. मग राहू दे की सरळ, असं त्यांनी शास्त्रीय दृष्टीने ठरवलं. आणि निरांजन लावून हात जोडून, तितक्याच शास्त्रीय दृष्टीने, म्हणाल्या, "रोझाला परत येऊ दे."

असे तीन दिवस गेले. शनिवार, रविवार, सोमवार. बाई देवांसमोरून जाताना नजर चुकवायच्या.

मंगळवारी सकाळी देव पुसायला घेतले आणि हातातल्या फडक्यावरून सासूबाई आठवल्या. अठरा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं, तेव्हा त्यांनीच घंगाळातून देव काढले होते. एकेक देव नीट पुसला. "विमान कधीचं आहे रे?" एवढंच प्रकाशला विचारलं. आणि मग पाठ फिरवून त्याच फडक्याने डोळे पुसले. पोरगा लांब जाणार हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माहीत असून त्यांनी अठरा दिवसांत एकदाही देव बाहेर काढले नव्हते.

"चला," मृणालिनीबाई संताला म्हणाल्या. "पाण्यात चला."

पण आधी बाळ सुटायला हवं होतं. ते सुटेना. दत्ताराम आला, गमाकडे बघून त्याला अभिमानच वाटला. "मिया सांगितलंय ना? जगबुडी." सुजाता म्हणाली फ्रीझरमध्ये ठेवा. ठेवला. दोन तासांनी अंतोन भेंडीच्या पाकिटांमधून बर्फाळ चेहऱ्याने बाहेर आला, बाळ घट्ट. मग हेअर ड्रायर. मग सुजाताच्या ईशानीचं नेलपॉलिश काढायचं औषध. ती नऊ वर्षांची पोर कापसाचा बोळा घेऊन तासभर घासत होती.

"आँटी, धिस इज नॉट वर्किंग. व्हाय आर वुई सेपरेटिंग देम?"

"लग्नासाठी, बाळा."

"दॅट्स सो मीन," ईशानी म्हणाली.

"बाटली संपली हो तिची," सुजाता म्हणाली. "बारा दिरहॅमची. म्हणजे दीडशेच्या वर रुपये झाले, ताई, एका संतापायी."

अखेर दत्तारामने हॅकसॉचं पातं आणलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला आणि चालवलं. बाळ सुटलं. संताची तीन बोटं बाळाबरोबर गेली.

ते सगळं साखरेच्या डब्यात गेलं. आता अंतोन उलटा. पण चिरेत लांबी भरल्यामुळे तो फुगला होता, त्या अरुंद ग्लासात शिरेना. बाईंनी लोणच्याची बरणी रिकामी केली. बरणीत तो उलटा ठेवला की गिरकी घेऊन सुलटा व्हायचा आणि पाण्यावर तरंगत बाईंकडे समजूतदारपणे बघायचा. सहा वेळा उलटा केला, सहा वेळा सुलटा झाला. सातव्या वेळी त्यांनी पूजेची नाडाछडी काढली आणि त्याचं डोकं खलबत्त्याच्या बत्त्याला बांधलं. तेव्हा कुठे तो राहिला. सत्यनारायणाची नाडाछडी, लोणच्याची बरणी, हळदीचा झगा. आता तो संत ब्राझीलचा म्हणून ओळखू आला असता की नाही, शंका होती.

राहता राहिलं, त्याला त्याच्या ओट्यावर परत ठेवणं. बुधवारी बाई साडीच्या पदराखाली बरणी घेऊन तीनशे तीनचं कुलूप काढत होत्या, तर जिन्यात बंगाली नातूर, म्हणजे इमारतीचा राखणदार, उभा.

"मॅडम, ऑफिस का नया रूल. दूसरे का फ्लॅट में जाना मना. एनओसी चाहिए."

"अरे, मैं तो रोज जाती हूँ!"

"इसलिए तो रूल बना."

घरमालकाच्या ऑफिसात गेल्या. तिथल्या तरुण कारकुनाने फॉर्म दिला. भाडेकरूची सही, पासपोर्टची कॉपी, व्हिसाचं पान, आणि 'प्रवेशाचे कारण'. मृणालिनीबाईंनी 'झाडांना पाणी घालणे' असं लिहिलं.

"भाडेकरूची सही?"

"ती ब्राझीलला आहे."

"मग ती आल्यावर या."

"ती आल्यावर मला जायचं कारणच काय?"

"मग प्रश्नच मिटला," कारकून म्हणाला. "खलास."

दुसऱ्या खेपेला त्याने 'बुक्रा' सांगितलं, म्हणजे उद्या. आणि उद्यापासून गुरुवार-शुक्रवारची सुट्टी होती. बाई शनिवारी तिसऱ्यांदा गेल्या, अपमान गिळून, घामाने थबथबून. पण आदल्या दिवशी वर्ल्ड कपमध्ये ब्राझीलने इंग्लंडला हरवलं होतं, आणि कारकून पिवळा टी-शर्ट घालून बसला होता. फॉर्मवरचं भाडेकरूचं राष्ट्रीयत्व त्याने पहिल्यांदाच वाचलं.

"ब्राझील? ही बाई ब्राझीलची? मग सांगितलं का नाहीत!"

"तीन वेळा सांगितलं."

त्याने शिक्का मारला, दुसरा शिक्का मारला, आणि झाडांची काळजी घ्या म्हणून बजावलं. त्या संध्याकाळी अंतोन बत्त्यासकट आपल्या ओट्यावर पोचला. बाळ डब्यात. मृणालिनीबाई घरी आल्या, देवांच्या फळीवरच्या रिकाम्या जागेकडे बघितलं, आणि एकटीचा कुकर लावला.

दोन जुलैला रोझा आली. ब्राझीलने कप जिंकला होता, पण ती त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. तिने नुसता हात पुढे केला. बोटात बारीकशी अंगठी होती.

"चार आठवडे नोटिशीचे, मग कायमची जातेय. मिना, मिना, बायको एकदा!"

मृणालिनीबाईंनी तिला जवळ घेतलं. रोझाचे खांदे एवढे रुंद होते की बाईंचे हात मागे जुळेनात. परत येऊ दे, एवढंच मागितलं होतं आपण. किती दिवसांसाठी, ते सांगायचं राहिलं.

मग रोझा स्वयंपाकघरात गेली आणि डबे सरकवल्याचा आवाज आला.

"मिना," आतून हाक आली, "हा कोण आहे?"

मृणालिनीबाईंनी सगळं सांगितलं. ऊन, गम, हळद, फ्रीझर, हॅकसॉ. खोटं बोलले तेही. तीन दिवस मुद्दाम सरळ ठेवला तेही, आणि का ठेवला तेही सांगितलं, फक्त ते सांगताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

रोझा ऐकत राहिली. मग तिने बोटांवर दिवस मोजले.

"सरळ कधी होता म्हणालीस?"

"नऊ तारखेपासून मंगळवारपर्यंत. अठरापर्यंत."

"जोर्जेने मला सोळाला विचारलं. रविवारी. चर्चच्या पायऱ्यांवर."

सोळाला अंतोन फळीवर उभा होता, कोरडा, पुढ्यात दिवा, कडेवर बाळ. म्हणजे आठ दिवस उलटा टांगून जे झालं नाही, असं रोझा म्हणाली, ते एका निरांजनावर झालं. त्याला कुणी कधी बाळ दिलं नव्हतं ना आधी.

ती पोट धरधरून हसली. मृणालिनीबाईही हसल्या, पण मनाला लागलं. मंगळवारी सकाळी त्यांनी केवढा मोठा त्याग केला होता! संताची तीन बोटं, बारा दिरहॅमची बाटली, ऑफिसच्या तीन खेपा. आणि त्या आधीच दोन दिवस सगळं ठरून गेलं होतं. त्या त्यागाची कुणालाही गरज नव्हती.

एकतीस जुलैला रोझा गेली. टॅक्सीत बसण्याआधी तिने अंतोनला बाईंच्या हातात ठेवलं. "काम झालं की पुढच्या बाईला द्यायचा."

"मला नवरा आहे, रोझा."

"ठाऊक आहे," रोझा म्हणाली. "काहीतरी माग." आणि साखरेच्या डब्यातलं बाळ रुमालात बांधून दिलं, बोटांसकट.

ऑगस्ट सरत आला तरी तीनशे तीनच्या दारावर 'टु लेट'ची पाटी होती. कुणी बघायला आलं की मृणालिनीबाई उगाच कचऱ्याची पिशवी ठेवायला दार उघडायच्या. एक सुटाबुटातला लेबनीज येऊन गेला, एक मिसरी कुटुंब येऊन गेलं. कुणी राहिलं नाही. पाच वाजता त्या सवयीने दोन कप काढायच्या, मग एक परत ठेवायच्या. एसी आपलं वाक्य बोलत राहायचा.

एका गुरुवारी प्रकाश आले, हातपाय धुतले, पाणी प्यायला फ्रिज उघडला आणि फळीकडे बघून थबकले. अन्नपूर्णेशेजारी काचेच्या रुंद ग्लासात लांबीने भरलेला, हळदीने माखलेला, तीन बोटं नसलेला संन्यासी डोकं खाली करून उभा होता. खाली बत्ता. लाल नाडाछडी.

"हे काय गं?"

"अंतोन."

"उलटा का?"

"शेजार शोधतोय."

प्रकाशनी थोडा वेळ संताकडे, थोडा वेळ बायकोकडे पाहिलं. "मागायचंच तर माझी बदली माग की. अबूधाबी ऑफिसला."

"ते बाळकृष्णाकडे आहे," मृणालिनीबाई पोळी लाटत म्हणाल्या. "सोळा वर्षं झाली."

प्रकाश ओट्याला टेकून उभे राहिले. सहसा ते पोळी होईपर्यंत टीव्ही लावत. मग म्हणाले, "पण रोझाचा सरळ असतानाच पावला म्हणालीस ना? मग त्याला सरळ ठेव."

"सरळ ठेवून बघितला पंधरा दिवस. बाळ देऊन, दिवा लावून. काही नाही." त्यांनी पोळी तव्यावर टाकली. "प्रत्येक घराची पद्धत वेगळी असते. या घरात पाण्यातच घालावं लागतं."

"आणि तरी नाही सापडलं कुणी, तर?"

मृणालिनीबाईंनी डावा हात लांब करून मिसळणाचा डबा जवळ ओढला. झाकण उघडून मोहरीच्या वाटीत बोट फिरवलं, आहे ना बघितलं, आणि झाकण पुन्हा घट्ट लावलं.

"जातोय कुठे," त्या म्हणाल्या. "बाळ माझ्याकडे आहे."